दाळीचं पाणी

दिवाळीची सुट्टी संपते आणि आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या दारात मुलांचे घोळके दिसू लागतात. सकाळचं ऊन कोवळं असतं. पोलादाच्या प्लांटकडून आलेला धूर थंडीनं खाली उतरून कडुनिंबांच्या शेंड्यांत अडकलेला असतो. मुलं व्हरांड्यातल्या बाकांवर बसून मोबाइलवर विषय शोधत असतात. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, त्याला विषय हवा. "मॅडम, ये टॉपिक चलेगा?" चहातलं कॅफिन, आवळ्यातलं क जीवनसत्त्व, दुधातली भेसळ. दरवर्षी हेच विषय फिरून येतात, फक्त कागद धरणारे हात बदलतात. मी विचारते, "यही क्यों?" मग मुलं एकमेकांकडे बघतात. 'का' हे त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

तेव्हा मला माझ्या स्वतःच्या प्रकल्पाचा तो मोसम आठवतो. आधी वास येतो. नुकत्या कापलेल्या धानाचा ओलसर गोड वास, आणि त्याच्यावर प्रयोगशाळेतला, डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा. खरं तर या दोन वासांची भेट होण्याचं काही कारण नाही. माझ्या मनात मात्र ते एकाच पिशवीतून आलेत.

तेव्हा आम्ही मरोद्याला, प्लांटच्या वसाहतीत राहायचो. बाबा रेल मिलमध्ये, रूळ बनवणाऱ्या खात्यात होते. ड्यूटीवरून आले की दाराबाहेर बूट काढायचे, त्यातली लाल धूळ पायरीवर आपटून झाडायचे आणि न बोलता मोरीकडे जायचे. बाबा एकूणच कमी बोलत. आईशी कामापुरतं, शेजाऱ्यांशी हिंदीत दोन शब्द, माझ्याशी अभ्यासाचं. त्या दिवसांत मात्र ते रोज विचारत, "भेटला का विषय?"

विषय भेटत नव्हता. आमचे मार्गदर्शक साहू सर फार चांगले होते, पण त्यांना जुनं चालत नसे. मी कागदावर चार विषय लिहून नेले की चष्मा कपाळावर चढवून ते म्हणत, "ये तो हर साल होता है, बेटा। अपना कुछ सोचो।" अपना म्हणजे काय, हे मला समजत नव्हतं. पुस्तकात जे आहे ते आपलं नाही, आणि जे आपलं आहे त्यात रसायनशास्त्र कुठे असतं? वर्गातल्या एकेकीचे विषय ठरत गेले. मी तशीच राहिले.

एका संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून आईला हेच सांगत होते. गॅसवर कुकर होता. बाबा हात पुसत आत आले, कुकरकडे बघत उभे राहिले आणि अचानक म्हणाले, "इथं दाळ किती लवकर शिजते. आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात शिजतच नाही."

आईनं चमकून माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात गावाचं नाव निघत नसे.

"मग तुम्ही खायचे काय?" मी विचारलं.

"आई दाळीसाठी वेगळं पाणी आणे. तलावाचं. पेण्याले विहिरीचं अन् दाळीले तलावाचं. मी अन् दादा जाऊन आणो. काठीले हंडा बांधून, एक टोक त्याच्या खांद्यावर, एक माह्या." ते थांबले. "तो दोरी आपल्याकडं सरकवून घे. मले वजनच नाही लागे."

एवढं बोलून ते बाहेर जाऊन बसले. आई हळूच म्हणाली, "किती वर्षांनी यांच्या तोंडी दादा आलं."

दादा म्हणजे माझे मोठेबाबा, बाबांचे थोरले भाऊ. गोंदियाकडच्या आमच्या गावी तेच शेती बघत. मी लहान असताना एका वैशाखात आजी वारली. बाबा तेव्हा ड्यूटीवर होते. निरोप शेजारच्या फोनवर आला आणि तोही उशिरा. बाबा मिळेल त्या गाडीनं निघाले, पण गावात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. घाटावर फक्त निखारे होते. त्यांच्यासाठी कोणी थांबलं नव्हतं. ते कोणाशी काही बोलले नाहीत, घराच्या ओट्यावरही चढले नाहीत, तसेच वळून स्टेशनवर गेले. त्या वर्षी धान निघाल्यावर मोठेबाबांनी ओळखीच्या माणसाबरोबर नव्या तांदळाचं पोतं पाठवलं. बाबांनी ते त्याच माणसाबरोबर परत लावून दिलं. त्यानंतर काही आलं नाही आणि काही गेलंही नाही. ना सुखाची बातमी, ना दुखण्याची.

मला आजी नीट आठवत नाही. परत जाणारं ते पोतं मात्र आठवतं. सायकलच्या कॅरिअरवर आडवं बांधलेलं.

दुसऱ्या दिवशी मी साहू सरांच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरवर गेले. सर अंगणात झाडांना पाणी घालत होते. मी म्हटलं, विहिरीचं पाणी, तलावाचं पाणी, आपल्या मरोद्याच्या नळाचं पाणी, तिन्हींचा जडपणा मोजायचा आणि तिन्हींत तुरीची डाळ शिजवून बघायची. सरांनी नळ बंद केला. "सैंपल कौन लाएगा उतनी दूर से?"

"बाबा लाएँगे," मी म्हणाले. मी बाबांना विचारलेलं नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. पेपराआडूनच म्हणाले, "पोरीच्या अभ्यासाचं काम आहे, त जा लागन."

आणि मग मी माझ्या बाबांना असं पाहिलं जसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी कुठून कुठून प्लास्टिकच्या बाटल्या जमवल्या, राखेनं घासल्या, गच्चीवर उन्हात उलट्या ठेवल्या. "पाणी वरचं पाहिजे का खोलचं?" ते विचारत. "झाकण लावाच्या आधी हवा राहू द्याची का?" मी सांगत असे, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा विचारत. आईनं त्यांचा पांढरा सदरा इस्त्री केला तेव्हा ते तिच्यावर चिडले. "पाणी आणाले चाललो, वरातीत नाही." निघताना मात्र तोच सदरा अंगात होता.

माणसाला आपल्याच घरी जायला निमित्त लागतं, हे मला त्या बाटल्यांकडे बघून समजलं. बिनकामाचं जाणं त्यांना झेपलं नसतं. काम हातात असलं की पाय उचलतो.

पॉवर हाउस स्टेशनवरून आम्ही सकाळची लोकल धरली. राजनांदगाव मागे पडलं तरी बाबा बोलत होते. मला शेतं दाखवत होते, हे हलकं धान, हे भारी धान, हे अजून आठवडाभर उभं राहील. डोंगरगडला टेकडीवरच्या देवीला त्यांनी खिडकीतून हात जोडले. पुढे जंगल लागलं, बोगदा आला, आणि त्या अंधारातून बाहेर पडल्यावर ते गप्प झाले. ओठ मात्र किंचित हलत होते. माणूस परीक्षेआधी उत्तर घोकतो तसे. भांडण घोकत होते की आणखी काही, ते त्यांनाच ठाऊक.

आमगावला उतरून जीपनं गावात पोचलो. खळ्यात धानाचे भारे रचलेले होते, सगळ्या गावाला त्या कापणीचा वास होता. अंगणात मोठीआई, मोठेबाबांची बायको, सूप घेऊन पाखडत बसली होती. तिनं वर पाहिलं, सूप तसंच खाली ठेवलं आणि डोक्यावर पदर घेत उठली. "आले का, भाऊजी?" एवढंच म्हणाली. आतून गडवाभर पाणी आणून बाबांच्या हातात दिलं. बाबा ते उभ्याउभ्या प्यायले.

मोठेबाबा अंगणातल्या खाटेवर बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच नीट बघत होते. बाबांचंच नाक, बाबांचेच मोठे कान, फक्त नजर कुठेतरी दुसरीकडे लागलेली.

"कोन हाये?"

"मी हावो, दादा."

त्यांनी डोळे बारीक केले. मग सगळा चेहरा उजळला. "लहान्या? आता येऊन राहिला तू? कावून उशीर केला? आई सकाळपासून वाट पाहून राहिली ना तुई."

बाबा तिथेच थबकले. हातातली बाटल्यांची पिशवी त्यांनी खाली ठेवली नाही.

"हे असंच बोलतात आता," मोठीआई खालच्या आवाजात म्हणाली. "मागच्या पावसाळ्यापासून. सासूबाई आहेत असंच वाटते यांना. आधी म्या सांगून पाह्यलं, आई गेली म्हणून. मंग दर वेळी नव्यानं रडत. आता नाही सांगत."

बाबा खाटेच्या टोकाला बसले. रस्ताभर जे काही मनात जुळवलं होतं ते ऐकणारा माणूसच तिथे नव्हता. ज्याच्याशी भांडायचं होतं तो आजीच्या वेळच्या सकाळीत जाऊन बसला होता. त्या सकाळीत भांडण झालेलंच नव्हतं.

मी विहिरीवर बाटल्या भरायला लागले. मोठेबाबा उठून आले, वाकून पिशवीत बघितलं.

"हे काहाले?"

"पोरीच्या कॉलेजात तपासाचं आहे, दादा," बाबा म्हणाले. "दाळ कावून शिजत नाही ते पाहाचं आहे."

मोठेबाबा हसले. "दाळीले हे पाणी नेशीन? आई मारन तुले. तलावाचं न्या लागते." आणि त्यांनी बाबांचं मनगट धरलं.

ते दोघे पुढे आणि मी मागे, अशी आम्ही तलावाकडे गेलो. कापून झालेल्या शेताच्या बांध्या, त्यांतले धानाचे खुंट, मधून पाळीची, म्हणजे बांधावरची, पायवाट. पन्नाशी ओलांडलेले, मिलमध्ये तापलेल्या रुळांशेजारी आयुष्य घालवलेले माझे बाबा एका म्हाताऱ्याच्या हाताला धरून लहान मुलासारखे चालले होते. काठावर चिखल होता. बाबा बाटली घेऊन वाकले तसं मोठेबाबांनी मागून त्यांचा सदरा मुठीत पकडला. "पाय घसरन. मी हावो धरून, भर तू." बाबांनी बाटली आधी त्याच पाण्यानं विसळली, सरांनी सांगितलं होतं तशी, मग भरली. भरल्यावरही ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि सदरा धरलेली ती मूठ.

जेवताना मोठीआईनं सांगितलं. मोठेबाबा खाटेवर झोपी गेले होते.

"त्या दिवशी तुमच्यासाठी थांबा म्हणून हे सगळ्यांच्या पाया पडले, भाऊजी. दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. वैशाखाचं ऊन. जाणते लोक म्हणे, आता नाही ठेवता येत. हे तरी ऐकत नव्हते. शेवटी यांच्या हातात जबरदस्तीनं आगटं दिलं अन् सरण पेटवलं."

बाबांनी घास ताटात परत ठेवला. "मले कोणी सांगतलं नाही, वहिनी."

"सांगाले तुम्ही थांबले कुठं? तांदूळ पाठवले, त्याच्यासंगं निरोपही होता. तांदूळ परत आले, निरोपही परत आला."

ती रागानं बोलली नाही. बोलून झाल्यावर तिनं बाबांच्या ताटात आणखी भात वाढला.

परतीच्या गाडीत बाबांनी पिशवी मांडीवर घेतली होती. बाटल्या एकमेकींना लागून कुरकुरत होत्या. बाहेर दिवस मावळत होता. सालेकसा स्टेशन गेल्यावर ते म्हणाले, "म्या येवढे वर्षं मनात बोलून ठेवलं होतं. का बोलीन, तो का म्हणन, मंग मी का म्हणीन. सगळं." पुढे बऱ्याच वेळानं म्हणाले, "आता माफी मांगाले गेलो तरी त्याले समजणार नाही कशाची."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही.

प्रकल्प झाला. विहिरीच्या पाण्यात अमोनियाचं द्रावण आणि रंगाचा थेंब टाकला की ते द्राक्षाच्या दारूसारखं लाल होई. ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून दुसरं द्रावण थेंब थेंब सोडत राहायचं, सोडत राहायचं, आणि मग एका थेंबाला ते सगळं निळं होऊन जाई. विहिरीच्या पाण्याला फार थेंब लागत. तलावाच्या पाण्याला थोडेच. बाबा घरी आले की बूट काढायच्या आधी विचारत, "किती निघालं?" मी त्यांना सांगितलं की विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त आहे, ते डाळीच्या दाण्याला आतून घट्ट धरतं, त्यामुळे दाणा फुटत नाही. त्यांनी मान हलवली. "आईले हे माहीत नव्हतं. तिले फक्त येवढं माहीत होतं का शिजत नाही." त्यांच्या आवाजात मी आजीबद्दलचं प्रेम तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

साहू सर खूश झाले. मला चांगले गुण पडले. त्याच विषयाच्या जोरावर मी पुढे शिकले, नोकरीला लागले, आज खुर्चीवर बसून दुसऱ्यांचे विषय मंजूर करते. हे सगळं मी लोकांना सांगते. पाण्याची पिशवी मांडीवर धरून बसलेल्या माणसाबद्दल सांगत नाही.

बाबांचं गावी जाणं प्रकल्पानंतरही थांबलं नाही. सुट्टीच्या दिवशी ते बाटल्या घेऊन निघत. आई म्हणायची, "पोरीचा प्रोजेक्ट त झाला. आता बाटल्या कायले?" ते म्हणत, "लागतात." आणलेलं पाणी आई तुळशीला घालायची. मोठेबाबा त्यांना दर खेपेला त्याच शब्दांनी भेटत. आता येऊन राहिला, आई वाट पाहून राहिली. बाबा म्हणत, "हो दादा, उशीर झाला." ते खोटं नव्हतं.

यंदा सगळी मुलं कागद देऊन गेल्यावर खुर्सीपारची दुर्गेश्वरी नावाची एक मुलगी मागे राहिली. "मॅडम, हमारी गली के हैंडपंप का पानी करना है।" मी सवयीनं विचारलं, यही क्यों? तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "बस, ऐसे ही।" मी सही केली. कारण काही असेल, नसेलही. विषयाच्या मागे काय उभं आहे हे मंजूर करणाऱ्याला समजायलाच हवं असं नाही. ती गेली, आणि मी तिचा कागद गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवला.

बाबा आता नाहीत. मोठेबाबा तर माझ्या प्रकल्पानंतरच्या पावसाळ्यातच गेले. पण मला राहून राहून आठवतो तो त्याच्या आधीचा उन्हाळा. माझी परीक्षा संपली होती आणि बाबांबरोबर मीही गेले होते. विहिरीचं पाणी खोल गेलं होतं. खळं रिकामं होतं, जमिनीला भेगा होत्या, वास कशाचाच नव्हता. मोठेबाबा सावलीत खाटेवर होते. आम्हाला बघून ते धडपडत उठले आणि त्यांनी हात जोडले.

"या साहेब, बसा. पाणी तपासाले आले का जी?"

मोठीआई धावत आली. "अवो, साहेब नाही ते, लहान्या आहे तुमचा..."

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. क्षणभर त्यांचा चेहरा मला ओळखू आला नाही. मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली.

"हो जी. पाणी तपासाले आलो."

त्यांनी बादली सोडली. दोर सरसर खाली गेला, खूप खाली. पाणी वर आलं ते थोडंसंच. त्यांनी बाटली भरली आणि उजेडाकडे धरली, खऱ्या साहेबानं धरावी तशी. मोठेबाबा आदबीनं बाजूला उभे होते.

"कसं हाये जी आमचं पाणी?"

"चांगलं आहे. पेण्यालायक आहे."

"दाळ नाही शिजत पण."

"तेवढं सोडलं, त चांगलं आहे."

मोठेबाबांना समाधान वाटलं. मग दारी आलेल्या माणसाची विचारपूस करावी म्हणून त्यांनी विचारलं, "साहेब, तुमचं गाव कोणतं जी?"

बाबांच्या हातात दोर होता. त्यांनी घराकडे पाहिलं, मग मोठेबाबांकडे.

"हेच," ते म्हणाले.

"हेच?" मोठेबाबांनी त्यांना नीट न्याहाळलं. पायापासून वरपर्यंत, सावकाश. मग त्यांनी मान हलवली. "मंग कधी दिसले नाही तुम्ही."

बाबांनी बादली पुन्हा विहिरीत सोडली.